कबड्डीच्या फायनलला गेलेला पितळी गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. पुण्या-मुंबईकडची मंडळी मला पातेलं म्हणतील, म्हणोत बापडी. आमच्या भंडारा जिल्ह्यात मोठ्या भांड्याला गंजच म्हणतात, आणि मी तर अख्ख्या बांधावरच्या माणसांचा भात शिजवणारा गंज! सध्या माझा मुक्काम अड्याळच्या एका घरात, माळ्यावर आहे. छपराच्या कवेलूंच्या फटीतून ऊन येतं, माझ्या पोटात येऊन बसतं, आणि मग दुपारभर मला डुलकी लागते. त्या डुलकीत जुने दिवस हळूहळू चालत येतात.

भंडाऱ्याला देवाजी कासारांच्या हातून माझा जन्म झाला. त्यांनी मला असं ठोकलं, असं ठोकलं, की कान किटले. पण अंगाला घाट आला. पुढे मंदाबाईच्या लग्नात मी आंदण म्हणून या घरी आलो. ती नवरी, मी लखलखीत. दोघंही घरात नवे, आणि दोघांनाही चुलीची धग सोसायची होती. आमचं छान जमलं.

धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, मी बांधावर जायचो. आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत तर माझा रुबाब विचारूच नका! बैलजोड्या सुटल्या की धुरळा उठायचा, लोक ओरडून घसा बसवून घ्यायचे आणि मग आमच्या बैलगाडीच्या सावलीत टेकायचे. ओळखीचा असो की परका, सावलीत आला तो जेवूनच उठला पाहिजे, असा आमच्याकडचा रिवाज. "भात मस्त झाला वो मंदाबाई," असं लोक म्हणायचे. कौतुक तिचं व्हायचं आणि फुगायचो मी.

मग घरात कुकर आला. कल्हईवाला गावात फिरकेनासा झाला. माझ्या पोटात हिरवट डाग पडले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

एके दिवशी खाली गडबड ऐकू आली. मंदाबाईची नात खुशबू कबड्डी खेळते. तिचा संघ फायनलला पोचला होता, आणि सामना नागपूरच्या मोठ्या स्टेडियममध्ये होता. मंदाबाईने नातीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. पोरगी मैदानात असायची तेव्हा ही एक तर चिखलात, नाही तर चुलीपाशी. खुशबू फोनवर म्हणाली, "आजी, ह्या बारीले तू पाह्यजेच. तू आली तर मले जोर येईन."

मंदाबाईने पहिलं काम काय केलं असेल? मला खाली उतरवलं!

"माय, गंज कायले?" तिचा मुलगा वीरेंद्र म्हणाला. "तिथं सारं भेटते."

"मोठी मॅच म्हंजे मोठा पटच ना गा? येवढी माणसं येतीन, अन् आपण हात हालवत जावाचं?"

झालं. भंडाऱ्याला नेऊन मला कल्हई केली. सामन्याच्या सकाळी तिने माझ्यात चिन्नोर तांदळाचा मसालेभात रांधला. किती वर्षांनी पोटात ऊब आली! जीपमध्ये तिच्या पायांशी बसून मी नागपूरपर्यंत स्वप्नातच होतो.

आणि ती गर्दी! बापरे! गालांवर रंग, तोंडात पिपाण्या, माणसावर माणूस. फाटकावरचा गार्ड कोणाची पाण्याची बाटली काढून घेत होता, कोणाची चिवड्याची पुडी. मला पाहून तो हबकलाच.

"आजी, घरचं जेवण आत नाई चालत. त्या ड्रमात रिकामं करा अन् जा."

"अन्न ड्रमात टाकू?" मंदाबाईचा चेहरा उतरला. "माह्या हातून नाई व्हाचं, बाबू."

"माय, सामना सुरू होऊन राहिला. टाक ना वो!" वीरेंद्र काकुळतीला आला.

"तू जा. पोरीले आपलं कोणीतरी दिसाले पाह्यजे."

तो मागे वळून वळून पाहत आत गेला. मंदाबाईने पदराने डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर जिची सोबत केली, तिच्याच वाटेत मी धोंडा होऊन बसलो होतो.

पण ती खमकी बाई! बाहेरच्या कडुनिंबाखाली बसली, झाकण काढलं आणि हाक दिली, "या वो, जेवाले या!" लोक बघत आणि पुढे सरकत. शहरात कोणी आपुलकीने बोलावलं की माणसं आधी घाबरतात. आतून आरोळी उठली की मंदाबाई फाटकाकडे मान वळवायची.

तेवढ्यात रांगेतली एक कॉलेजची मुलगी फोनवर ओरडली, "काय? आत समोसे संपले? पाणीही नाई?" तिचं नाव शुभांगी. चिन्नोरचा वास तिच्यापर्यंत पोचला असावा. ती जवळ आली. "आजी, हे कोणासाठी आहे?"

"तुह्यासाठीच. बस. माही नात आत खेळून राहिली. हे सरलं का मी सुटली."

शुभांगीने एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि ताडकन उठून रांगेकडे वळली. "ओ भाऊ, ओ ताई, इकडे या! आजीची नात फायनल खेळून राहिली अन् आजी बाहेर अडकली! खा लवकर!"

मग काय विचारता! अख्खी रांग माझ्याकडे वळली. पळसाच्या पत्रावळी संपल्या, तर कोणी ओंजळीत घेतलं, कोणी रुमालावर. बघता बघता माझा तळ दिसला.

"आजी, रिकामं भांडंही नाई चालत," गार्ड हळूच म्हणाला.

मंदाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जा बये!" तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, लुगडं खोचलं आणि धावली. एकदाही वळून पाहिलं नाही. माळ्यावर रुसून बसणारा मी, पण तेव्हा मला जराही राग आला नाही.

थोड्या वेळाने भोंग्यावर आवाज आला, "शेवटची चढाई, भंडाऱ्याची खुशबू!" सारं स्टेडियम चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत एकच आवाज उठला, "हान वं पोरी!" चुलीच्या वाफेतून जन्मभर ऐकलेला तो आवाज मी ओळखणार नाही? मग जो कल्लोळ झाला, त्याने माझे काठ किती तरी वेळ झिणझिणत राहिले.

कोण जिंकलं, ते मंदाबाईला विचारून उपयोग नाही. ती एवढंच सांगते, की पोरीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

मित्रांनो, जुन्या भांड्याला कल्हई करा, ताटात अन्न टाकू नका, हे तुमचे गुरुजी सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. मोठ्या मॅचला गेलात आणि फाटकाबाहेर भरल्या भांड्यापाशी एखादी म्हातारी बसलेली दिसली, तर उभ्या उभ्या दोन घास खाऊन घ्या. तिला आत जायचं असतं.