शंकूची तिरकी बाजू

थोरलीने निळा शंकू जावेपुढे धरला.

"बघ गं, बरा झालाय ना?"

धाकटीने ओले हात पुसून तो घेतला. पुठ्ठा जाड होता, जोडही सुबक. टेबलावर शंकूएवढ्याच तोंडाचा पुठ्ठ्याचा गोल डबा होता. शंकूने तीनदा वाळू ओतली की डबा काठोकाठ भरायला हवा. घनफळ शिकवायची ती रीत. धाकटीने शंकूच्या कडेवरून टोकापर्यंत बोट फिरवलं, मग तो डब्याशेजारी उभा करून पाहिला. थोरलीने तिरकी बाजू डब्याच्या उंचीइतकी घेतली होती. तेवढी असायला हवी होती शंकूची सरळ उंची. शंकू बुटका झाला होता. तीनदा ओतून डबा भरणार नव्हता.

कधी पुठ्ठ्याला हात न लावलेलं माणूसच ही चूक करतं.

दोघी एकाच शाळेत गणित शिकवत. शाळेच्या काचेच्या कपाटातलं प्रत्येक मॉडेल धाकटीच्या हातचं होतं आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी थोरलीच्या नावाची, कारण विभागप्रमुख ती. पाहुणे आले की थोरली कपाट उघडून म्हणायची, "करतो आपलं वेळात वेळ काढून." धाकटीने एकदा घरी विषय काढला, तर नवरा म्हणाला, "घरातल्या घरात कसलं तुझंमाझं?" मग ती स्टाफरूममध्ये भेटेल त्याला सांगू लागली की कपाटातलं सगळं माझं आहे. लोक माना हलवत चहा प्यायचे. शेवटी तिने कात्रीच खाली ठेवली. म्हटलं, बघू या माझ्यावाचून हिचं कसं निभतं ते. जुना शंकू दमट कपाटात चेपून गेला, तपासणी उद्यावर आली, आणि थोरलीला स्वतः पुठ्ठा कापायला बसावं लागलं.

"अगं, बोल ना."

"छान झालाय, ताई. असाच घेऊन जा."

त्या संध्याकाळी भाजी चिरताना धाकटी चक्क गुणगुणत होती. तिला सूड हवा होता, आणि तो पुठ्ठ्याचा असला तरी तिला चालणार होता.

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या वर्गात मागच्या बाकावर तपासणीसबाई बसल्या, शेजारी मुख्याध्यापक. धाकटीचा तास मोकळा होता. ती दाराशी येऊन उभी राहिली. हे बघायला ती तापातसुद्धा आली असती.

पहिला शंकू ओतला, दुसरा ओतला. तिसरा थोरलीने पट्टीने सपाट करून ओतला. वाळू काठाच्या चांगली दोन बोटं खाली राहिली.

"बाई, भरला नाही," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं.

थोरलीचे कान लाल झाले. तिने डबा हलवून पाहिला, तशी वाळू आणखीच खाली बसली. धाकटीला इतकं बरं वाटत होतं की तिने दाराची चौकट घट्ट धरली. भोग म्हणावं आता.

थोरलीने डबा खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. क्षणभर पाहतच राहिली. मग हसली.

"आमच्या कपाटातली सगळी मॉडेल्स माझी जाऊ करते," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "हेही तिचंच. या ना बाई, आत या."

सगळा वर्ग दाराकडे वळला.

"हो, हो," मुख्याध्यापक तपासणीसबाईंना म्हणाले. "त्या नेहमी सांगतात आम्हाला. सगळं त्यांच्याच हातचं आहे."

म्हणजे इतके दिवस लोक ऐकत होते तर.

तपासणीसबाई पुढे आल्या. त्यांनी शंकू उचलून उलटासुलटा पाहिला.

"तुम्ही केलाय का हा?"

धाकटीने तोंड उघडलं. नाही म्हटलं असतं तर थोरलीने सगळ्यांसमोर विचारलं असतं, काल हातात घेऊन पाहिलास तेव्हा का नाही बोललीस? आणि सगळी माझी, फक्त बिघडलेलं तेवढं माझं नाही, हे कोणाला पटलं असतं? थोरली वाळूचे हात झटकत शांतपणे वाट पाहत होती.

"हो," धाकटी म्हणाली. "माझाच आहे."

तपासणीसबाईंनी पर्समधून पेन काढलं.

"पूर्ण नाव सांगा."

धाकटीने सांगितलं. थोरली तोवर फळ्याकडे वळून सूत्र लिहू लागली होती.