सवांगचं पथ्य

आमच्या विहाराचे थोरले भिक्खू लुआंग पो ऊन यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा ते म्हणाले, "चिखल असेल."

मी धुऊन बघितला. चिखल नव्हता.

मी चुआ. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून गावच्या विहाराचं सगळं बघतो. छपराची गळती, भटकी कुत्री, लाउडस्पीकर, आणि आता सत्तरीत आमच्या मोठ्या भिक्खूंच्या बोटाला सुई टोचणं. आरोग्य केंद्रातल्या वितने साखर मोजायचं यंत्र माझ्याच हातात दिलं. पहिल्याच दिवशी आकडा आला तीनशे बारा.

"तीन महिन्यांत खाली आणा," वित मला म्हणाला. "नाहीतर अंगठा काढावा लागेल. आणि गोष्ट अंगठ्यावर थांबेल असं मी लिहून देणार नाही."

"मी आजारी नाही," लुआंग पो म्हणाले. "चालतोय की. आणि चुआ, गावात बोंबलू नकोस." मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पात्र घेऊन अनवाणी भिक्षेला निघाले.

भिक्खूने अमुकच द्या असं मागायचं नसतं. पात्रात पडेल ते खायचं. आजारी असेल तर मागायची सूट आहे, पण त्यासाठी 'मी आजारी आहे' असं आधी म्हणावं लागतं, आणि आमच्याकडे हे वाक्य पुरुषाच्या तोंडून निघायला त्याची शुद्ध हरपावी लागते. चीवर घातलं म्हणून त्यात फरक पडत नाही. त्यातून हा पेचबुरीचा, ताडगुळाचा मुलूख. इथे माशाच्या कालवणातही ताडगूळ पडतो, आणि नाही पडला तर घरात भांडण झालंय का म्हणून विचारतात.

मी लाउडस्पीकरवरून सांगून पाहिलं. कोणाचं नाव न घेता, "मंडळी, भिक्षेत गोड जरा कमी घाला." त्या आठवड्यात प्रत्येक बाईला वाटलं की बाकीच्या सगळ्या अळणी घालणार, बिचारे लुआंग पो. प्रत्येकीने मूठभर गूळ वाढवला. आकडा तीनशे चाळीसवर गेला. मी पुन्हा लाउडस्पीकरला हात लावला नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण होतं लमूनचं. ती रोज सकाळी खनोम मो केंगची ताटली घेऊन विहारात यायची. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घोटून भाजलेली जाड वडी, वर तळलेला कांदा. ती नवऱ्याच्या नावाने द्यायची. सवांग जाऊन वर्ष झालं होतं. भिक्खू बाईच्या हातून थेट घेत नाहीत, म्हणून वडी पिवळ्या कापडावर ठेवायची, वाटीत पाण्याची धार धरून पुण्य सवांगला पोचवायची, आणि मग लुआंग पो शेवटचा घास घेईपर्यंत समोर बसून राहायची.

"अर्धी कुत्र्यांना टाका," मी एकदा कानात म्हणालो.

"ती बघतेय," लुआंग पो म्हणाले आणि सगळी खाल्ली.

दीड महिन्यात आकडा खाली आला नाही. अंगठ्याला वास यायला लागला. मग मात्र माझं डोकं फिरलं. दिलेला शब्द खुंटीवर टांगला आणि तडक लमूनच्या घरी गेलो. ती अंडी फोडत बसली होती.

"सवांग साखरेनेच गेला ना गं? मग त्याला वर गोड कसलं पाठवतेस?"

"चुआदादा, अकरा वर्षं मी त्याचं पथ्य सांभाळलं." तिने हात थांबवला नाही. "तो ताडावर चढून रस काढायचा, गूळ कढवायचा, आणि घरात गुळाच्या डब्याला कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. मला जेलर म्हणायचा."

"मग?"

"शेवटच्या दिवशी दवाखान्यात म्हणाला, लमून, मो केंगचा एवढासा तुकडा दे. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे, मग." तिने आणखी एक अंडं फोडलं. "तो सकाळी अकराला गेला. रिपोर्ट दुपारी आला. साखर नॉर्मल होती."

मी तिला लुआंग पोंच्या अंगठ्याबद्दल सांगितलं.

"मला कोणी बोललं का नाही?"

"ते स्वतः कबूल करत नाहीत."

"का?"

"सवांग करायचा?"

तिने अंड्यांचं भांडं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती दोन भांडी घेऊन आली. एकात मो केंग, दुसऱ्यात कारल्याचं पातळ सूप. कापडावर काहीच ठेवलं नाही. भरल्या सभामंडपात हात जोडून म्हणाली, "लुआंग पो, तुम्ही आजारी आहात का?"

सगळं गाव बघायला लागलं. लुआंग पोंनी माझ्याकडे बघितलं, मी छपराची गळती बघायला लागलो. भिक्खूला खोटं बोलता येत नाही. कोणीतरी खोकलं.

"थोडा," ते म्हणाले.

"आहात की नाही?"

"आहे."

"मग मागा. नियमात बसतं."

लुआंग पोंनी मो केंगकडे बघितलं. मग पाय चिवराखाली ओढून घेतला आणि म्हणाले, "कारलं दे."

तिने पाण्याची धार धरली. "सवांग," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजपासून परत पथ्य. कुरकुर करू नकोस, या वेळी सोबतीला लुआंग पो आहेत. रिपोर्ट येऊ दे, मग."

त्यानंतर गावभर गुळाचे डबे वर फळीवर गेले. रोज कारलं, उकडलेला मासा, हातसडीचा भात. रोज चपला घालून भिक्षा, वितच्या सांगण्यावरून. लुआंग पोंचं तोंड तुरुंगातल्या माणसासारखं झालं होतं, पण परत कधी 'चालतोय की' म्हणाले नाहीत. अंगठ्याचं नख गेलं, अंगठा राहिला.

वितने दिलेले तीन महिने भरले आणि रिपोर्ट आला. मी तो लाउडस्पीकरवर वाचला नाही. लमूनच्या हातात नेऊन दिला. तिने दोनदा वाचला, आकड्यावर बोट ठेवून.

दुसऱ्या दिवशी तिच्या ताटलीत मो केंगचा तुकडा होता, सुपारीएवढा. लुआंग पोंनी वितकडे बघितलं. वितने मान हलवली. त्यांनी तो हळूहळू, डोळे मिटून खाल्ला.

लमूनने पाण्याची धार धरली. अर्धं पाणी वाटीबाहेर सांडलं.

"रिपोर्ट आला, सवांग," ती म्हणाली. "चांगला आहे. घे."