चारच्या चहाची गोळी

“गुडघ्याची गोळी लिहिण्याआधी सांगा आजी, दुसरं कुठलं औषध चालू आहे? काढा, चूर्ण, काहीही?”

“काय नाय मॅडम,” सून शर्मिलाच बोलली. “आत्यांनी साधी डोकेदुखीची गोळी कधी घेतली नाय. मामांच्या गोळ्या मात्र एकदा चुकवल्या नाहीत.”

वेणूबाईंनी पदर सारखा केला. नवरा सिताराम जाऊन अजून महिना व्हायचा होता. डॉक्टर प्राची रक्तदाब बघायला पट्टा बांधू लागली आणि थांबली. दंडावर निळेकाळे डाग होते.

“हे कशाने?”

“नळ लागला.”

“दोन्ही हातांना?”

प्राचीने खुर्ची जवळ ओढली. “मी रागवायला विचारत नाही, आजी. दोन औषधं पोटात एकत्र आली की कधीकधी एकमेकांचा जोर वाढवतात. मला एकच ठाऊक असलं, तर माझ्याच गोळीने तुम्हाला अपाय होईल.”

सांगितलं की पिशवीतली गोळी हातची जाणार, हे वेणूबाईंना कळत होतं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, “मेलेल्या माणसाची गोळी असंल, तर ती बी सांगायची व्हय?”

शर्मिलाने चमकून पाहिलं.

“कोण घेतंय ती?” प्राचीने विचारलं.

“म्याच.” वेणूबाईंनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. “ह्यांची हाय, हार्टची. चार वाजता चहासंगं द्यायची. माणूस गेलं, पर चार तर रोज वाजत्यात. गोळी हातात यायची, अन् घेणारं कुणी न्हाई. मग म्याच गिळली.”

“अवो आत्या! मला तरी सांगायचं!”

“तू काढून घेतली असतीस.”



प्राचीने पट्टीवरचं नाव वाचलं. “ही रक्त पातळ करते. त्यात मी दुखण्याची गोळी दिली असती, तर पोटात रक्तस्राव झाला असता. बरं झालं सांगितलंत. आत्ताच रक्त तपासू, गुडघ्याचं नंतर. ही मात्र आजपासून बंद. पट्टी इथेच राहू दे.”

वेणूबाईंनी मान हलवली, पण पट्टीवरचं बोट उचललं नाही.

“गोळ्यांनी भरलेली घरं ठेवा, बाई. रिकामी तेवढी द्या. वरल्या गोळ्या ह्यांनी घेतलेल्या हायत.”

प्राचीने खणातून कात्री काढली.

“जपून हां मॅडम,” शर्मिला म्हणाली.

चंदेरी तुकडा वेगळा झाला. वेणूबाईंनी तो अलगद उचलला. शर्मिलाने त्यांच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.