भावावरचा दावा

मी माझ्या सख्ख्या भावावर दावा ठोकला, आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी त्याच्याच टेबलावर बसून बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे आमच्याकडची भट्टीत भाजलेली भाजी, दोनदा वाढून घेतलं. आमच्या मिनेसोटात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. डोकं भंजाळलं होतं ते माझं एकटीचं.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, मी आणि हा माझा भाऊ, वेंडेल, त्याच्या तळ्यावरचा होड्यांचा लाकडी धक्का बाहेर ओढत होतो. बर्फ धरायच्या आत तो काढावाच लागतो. त्याचा एक जड तुकडा माझ्या कमरेवर आला आणि माझे पाय गेले. जन्मभर मी आईचं करत घरात बसले, त्यामुळे नोकरदारांना मिळते ती अपंग-पेन्शन मला नाही. मला मिळते ती गरिबांसाठीची सरकारी मदत. तिच्याच आधारावर औषधपाणी चालतं आणि माझी मदतनीस, होदान, येते. होदान रोज सकाळी मला बिछान्यातून उचलून खुर्चीत बसवते. ती आली नाही, तर मी दिवसभर छताकडे बघत पडून राहणार. होदान सुटता कामा नये, एवढंच माझं मागणं होतं.

वेंडेलकडे अम्ब्रेला पॉलिसी आहे, म्हणजे घराच्या विम्यावर घेतलेला जादा विमा. तुमच्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली, की तो त्या दुसऱ्याला पैसे देतो.

"अगं, कर ना दावा!" वेंडेल माझ्यावरच चिडला. "वीस वर्षं हप्ते भरतोय, ते काय कंपनीच्या साहेबांनी मासे पकडत बसावं म्हणून?"

"पण दावा तुझ्यावर ना रे?"

"पैसे कंपनी देणार. तुझं काय जातंय?"

काय जातंय ते विचारायला मी मदत-कार्यालयात फोन लावला. तिथला माणूस गोड बोलत होता.

"तुमच्या भावाच्या पॉलिसीशी आम्हाला कर्तव्य नाही, बाई. त्यातून तुमच्या हातात काय पडतं, त्याच्याशी आहे. खात्यात दोन हजार डॉलरच्या वर गेलात, की मदत थांबते."

"मग मी घेतच नाही पैसे."

"मिळण्यासारखे पैसे सोडून दिलेत, तरी थांबू शकते."

"म्हणजे घेतले तरी बंद, न घेतले तरी बंद?"

"तसं मी म्हटलेलं नाही," तो म्हणाला आणि तुमचा दिवस छान जावो, असं म्हणत त्याने फोन ठेवला.

वकीलबाई, मिसेस क्विगली, यांनी खुलासा केला, आणि मी आणखीच गोंधळले. आधी सरकारने केलेला दवाखान्याचा खर्च फेडायचा, उरलेले पैसे एका ट्रस्टमध्ये ठेवायचे.

"पैसे तुमचेच, पण तुमच्या हातात नाहीत. म्हणून मदत चालू राहील."

"आणि होदान?"

"येत राहील. पण त्याआधी चूक वेंडेलची ठरली पाहिजे. आणि देवाशपथ, जबानीत सॉरी म्हणू नका!"

बाईंना भीती होती ती खरीच. माझ्या खुर्चीचं चाक दाराला लागलं, तर मी दाराची माफी मागते.

जबानीला कंपनीचा तरुण वकील होता. समोर वेंडेल, इस्त्रीचा शर्ट घालून.

"तो तुकडा पडला कसा?"

"दोर निसटला." डॉक्टरला, पाद्रीबुवांना, सगळ्यांना मी हेच सांगत आले होते.

"कुणाच्या हातातून?"

मीच मध्ये उभी होते, माझंच चुकलं, हे अगदी ओठांवर आलं होतं. होदानला आठवून मी ते गिळलं.

"वेंडेलच्या. तळ्यातून होडी चालली होती. त्याने दोर सोडून हात केला."

"ओळखीचे होते?"

"नाही. होडी दिसली की आमच्याकडे हात करतातच."

इथे गप्प बसायचं, असं बाईंनी बजावलं होतं. पण माझा आवाज चढला.

"मी ओरडले होते, वेंडेल, धर म्हणून! तू म्हणालास, एक मिनिट! कोण कुठली माणसं, आणि त्यांच्यासाठी एक मिनिट!"

"बाई, उत्तर मला द्या," वकील म्हणाला.

वेंडेल टेबलाकडे बघत होता. "हो," तो म्हणाला. "म्हणालो होतो मी."

बाईंनी हळूच माझा खांदा दाबला. "फारच छान झालं."

काय छान झालं ते मला कळेना. मी मदतीसाठी बोलत होते, असंच धरून चालले होते. मग आवाज का चढला होता?

बाहेर वेंडेल नेहमीसारखा खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"आर्डिस, तू रागावली आहेस का गं माझ्यावर?"

"हो," मी म्हणाले.

त्याने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. मी ढकलू दिली. मला गाडीपर्यंत नेणारं दुसरं कुणी नव्हतं.