आपोआप मंजूर

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममधल्या त्या यंत्रणेला सगळे साहेब म्हणत. मूळ नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक ड्रायव्हर म्हणाला होता, "हुकूम सोडतो, कारण सांगत नाही, म्हणजे साहेबच की." तेव्हापासून तेच नाव पडलं.

मोठ्या बाई त्या खोलीत सगळ्यांत जुन्या. वयानं काही फार मोठ्या नव्हत्या, पण साहेब यायच्या आधी गाड्या त्या स्वतः पाठवायच्या, म्हणून हे नाव. फोन आला की कुठली गाडी जवळ आहे, कुठला रस्ता खोदलाय, हे सगळं डोक्यात धरून वायरलेसवर सांगायचं. चुकाही व्हायच्या. एकदा एकाच अपघाताला दोन गाड्या गेल्या आणि दुसरीकडे एक बाळंतीण रिक्षातच मोकळी झाली. साहेब आल्यापासून तसं झालं नव्हतं. गाड्या लवकर पोचू लागल्या, माणसं जास्त वाचू लागली. बाईंनी हे कधी नाकारलं नाही.

आता त्यांचं काम सोपं होतं. पडद्यावर एक चौकट उघडायची: हा पेशंट, ही गाडी. खाली दोन बटणं, 'मंजूर' आणि 'बदला'. कुणीच काही दाबलं नाही, तर थोड्या वेळानं चौकट आपोआप मंजूर व्हायची, कारण कुणी चहाला गेलं म्हणून गाडी खोळंबायला नको. सुरुवातीला बाई 'बदला' बऱ्याचदा दाबायच्या. नंतर कळायचं की साहेबाचंच बरोबर होतं. मग हळूहळू ते बटण सुटलं. कुणी बंदी घातली नव्हती, नुसती सवय गेली.

घरी हा विषय जेवताना निघायचा. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ बाहेर. घरात सासरे आणि धाकटा दीर. दीर शाळेत विज्ञान शिकवायचा आणि घरीही वर्ग घेतल्यासारखंच बोलायचा.

"वहिनी, बघाच तुम्ही. एक दिवस ही यंत्रं सगळं जग ताब्यात घेणार."

"घेऊ देत की," सासरे म्हणायचे. "आपल्या ताब्यात होतं तेव्हा आपण काय दिवे लावले?"

"बाबा, मी गंभीरपणे बोलतोय."

"मीही. भाजी वाढ."

"तुमच्या साहेबाचं काय म्हणणं आहे, वहिनी?"

"आमच्या साहेबाला गाड्या सांभाळतानाच नाकी नऊ येतात," बाई म्हणायच्या. "जग कधी घेणार तो?" सासरे हसायचे आणि दीर मान हलवत ताटावरून उठायचा.

त्या दिवशी दुपारी बाई नेहमीच्या खुर्चीवर होत्या. बाहेर ऊन होतं, आत एसीची घरघर. पडद्यावर एकापाठोपाठ दोन चौकटी उघडल्या. पहिलीत पाण्याच्या टाकीत पडलेलं लहान मूल, बाहेर काढलंय, श्वास नाही. दुसरीत वृद्ध पुरुष, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय. त्याखाली पत्ता. बाईंनी तो पत्ता वाचला, आणि तो आपल्याच घराचा आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. वर्षानुवर्षं पत्ते वाचून पत्ता म्हणजे नुसता पत्ता झाला होता.

जवळची मोकळी गाडी एकच होती. साहेबानं ती मुलाला दिली होती. घराकडे जाणारी गाडी नदीपलीकडून यायची होती, आणि पुलावर त्या वेळी नेहमीच गर्दी.

शेजारच्या टेबलावरची मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "बाई, हा नंबर तुमच्या दिरांचा ना? लाइनवर तेच आहेत. तुम्ही बोलता का?"

बाईंचा हात माऊसवर होता. बाण घराच्या चौकटीतल्या दोन बटणांच्या मधे. नंतर त्यांनी ते आठवून पाहिलं तेव्हा मनात काहीच नव्हतं, ना मूल, ना सासरे. पाय सुन्न झाल्यावर तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसा हात वाटत होता. चौकटीची कड हिरवी झाली आणि खाली अक्षरं आली: आपोआप मंजूर.

"बाई?"

"त्यांना सांग गाडी निघालीय," बाई म्हणाल्या. "बाबांना कुशीवर झोपवायला सांग. तोंडात पाणी घालू नका म्हणावं."

मूल वाचलं. सासरेही वाचले, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आणखी थोडं आधी आणलं असतं तर कदाचित बरंच परत आलं असतं, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, विचारलं म्हणून सांगितलं.

ऑफिसनं रीतसर चौकशी केली. बाईंच्या वरचे अधिकारी त्यांना समोर बसवून फार मायेनं बोलले.

"तुमची काहीच चूक नाही. यंत्रणेचा निर्णय योग्य होता, कुणीही तोच घेतला असता. मनाला लावून घेऊ नका."

"मी घेतला नाही," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी. तुम्ही घेतलाच नाहीत."

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. बाईंनी तो पूर्ण प्यायला, कारण तो समोर होता.

जो तो हेच सांगत होता. नवऱ्यानं जहाजावरून फोन केला, "तू काय करणार होतीस गं, ते सगळं मशीन ठरवतं." शेजारच्या काकू म्हणाल्या, नशीब. ड्रायव्हर मंडळी भेटायला आली आणि दारात चपला काढता काढता म्हणाली, साहेबापुढं कुणाचं चालतं. बाई सगळ्यांना चहा देत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. रात्री झोप लागायची, सकाळी जाग यायची. सासऱ्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भात मऊ करून भरवायचा, मग कामावर जायचं. सासरे डोळ्यांनी बघत राहायचे. त्या बघण्यात राग आहे की माया, हे बाईंना ओळखू येत नव्हतं, आणि ओळखावं अशी फारशी इच्छाही उरली नव्हती.

दीर आता जेवताना काही बोलायचा नाही. यंत्रांचा विषय घरातून गेला. एका रविवारी दुपारी बाई सासऱ्यांना भरवत होत्या तेव्हा तो येऊन पलंगाच्या कडेला बसला.

"वहिनी, एक विचारू? 'बदला' दाबलं असतं तर गाडी इकडे आली असती ना?"

"आली असती."

"आणि ते मूल गेलं असतं."

"बहुतेक."

"म्हणजे तुम्ही मुलाचा विचार केलात." तो त्यांना वाट करून देत होता. "बरोबरच केलंत. मी तुमच्या जागी असतो तरी..."

"नाही भाऊजी. मी कसलाच विचार केला नाही."

"म्हणजे?"

बाईंनी चमचा वाटीत ठेवला. "आपोआप मंजूर झालं ना, तेव्हा मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. बाबांसाठी वाईट नंतर वाटलं. आधी बरं वाटलं, की चला, मला ठरवावं लागलं नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तुम्ही म्हणायचात ना, यंत्रं ताब्यात घेतील म्हणून. माझ्याकडून कुणी काही हिसकावलं नाही. मीच हात काढून घेतला."

सासरे ऐकत होते. त्यांना ऐकू सगळं यायचं. दिराला रागवायचं होतं, हे त्याच्या जबड्यावरून दिसत होतं, पण कुणावर रागवायचं ते त्याला सापडत नव्हतं.

"हे बाबांसमोर बोलायला नको होतं," तो म्हणाला.

"दुसऱ्या कुणासमोर बोलणार? त्यांचंच गेलंय."

सासऱ्यांनी डावा हात उचलला. तो परत पांघरुणावर पडला. त्यांना काय हवं होतं, दोघांनाही कळलं नाही. दिरानं विचारलं, पाणी? त्यांनी मान हलवली नाही. बाईंनी विचारलं, उशी? तेही नाही. भात गार झाला होता, म्हणून दीर वाटी घेऊन तो गरम करायला आत गेला.

सोमवारी बाईंनी अधिकाऱ्यांना सांगितलं, की आपोआप मंजूर होणं बंद करा, माणसानं दाबल्याशिवाय गाडी हलायला नको. अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं, की त्यात वेळ जाईल आणि त्या वेळात कुणीतरी दगावेल. हे खरंच होतं. "बरं," त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. हेडफोन चढवला. एक चौकट उघडली: कारखान्यात हात अडकलेला मजूर, जवळची गाडी. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, पत्त्यासकट, आणि 'मंजूर' दाबलं. मग पुढची उघडली.