जे आहे ते दिसू दे

प्रयोगशाळेत त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि हा गृहस्थ त्याहून मोठ्या मापात फारसा बोलत नसे. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्यावर त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर पसरून काचेवर उचलायचे आणि रंगवून डॉक्टरबाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाठवायचे, हे काम तो एकोणीस वर्षं करत होता. लहानपणी शिकलेली नमाज त्याने कॉलेजात सोडली होती. भांडून नव्हे, वाचायचं राहून जाणारं वर्तमानपत्र बंद करावं तशी.

त्याच्या डावीकडच्या यंत्रावर चाचा बसत. रक्ताच्या नात्याने ते कुणाचेच नव्हते, पण साऱ्या प्रयोगशाळेचे चाचा होते. मेण घट्ट राहावं म्हणून ठोकळे थंड पाटीवर ठेवतात; तिथून ठोकळा उचलला की यंत्रात अडकवण्याआधी ते तो ओंजळीत धरत. ओठ हलत. मग ठोकळ्यावर हलकी फुंकर, आणि कामाला सुरुवात.

"चाचा, पेशी फॉर्मॅलिनमध्ये मरून तीन दिवस झाले," मायक्रॉन एकदा म्हणाला होता. "निकाल आत लिहून तयार आहे. आता दुआ मागून काय पदरात पडणार?"

"कापण्याआधी तुला तो वाचता येतो?"

"नाही."

"मग तुझ्यामाझ्यापुरता तो अजून लिहिलेला नाही. मागायला जागा आहे. आणि मी पेशींसाठी मागत नाही रे शहाण्या. ज्याचा तुकडा आहे तो कुठेतरी नखं खात बसला असेल, त्याच्यासाठी मागतो."

"त्याचं नाव तरी ठाऊक आहे? वर नुसता नंबर असतो."

"ज्याच्याकडे मागतो त्याला ठाऊक आहे. मी कशाला पाठ करू?"

फुंकरीचं स्पष्टीकरण मायक्रॉनजवळ होतं. गार मेणाला उबदार, दमट हवा लागली की काप फाटत नाही. या धंद्यातले सगळेच तशी फुंकर घालतात. त्याने ते चाचांना सविस्तर समजावलं तेव्हा ते खूश झाले. "मग बरंच की. एका श्वासात दोन कामं."

चाचा चार महिन्यांपूर्वी गेले. दुपारी, जेवणानंतर, खुर्चीतच, आणि इतके बिनबोभाट की डॉक्टरबाईंनी तीनदा हाक मारेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. दोन माणसांचं काम मायक्रॉनच्या गळ्यात पडलं.

तिसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं. त्याने ठोकळा उचलला की डावीकडून पुटपुट ऐकू येई. शब्द नव्हते, बंद दाराआड कुणी बोलत असावं तसा चढउतार तेवढा. तो संपेपर्यंत ठोकळा यंत्रात अडकवणं त्याला जमत नसे. त्याने वेळ मोजली. अकरा सेकंद. थंड पाटीचा कॉम्प्रेसर बंद करून पाहिला; अकराच. फोनवर ध्वनिमुद्रण केलं. त्यात पंखा होता, बाहेरच्या लिफ्टचा ठोका होता, त्याचा स्वतःचा श्वास होता. चौथं काही नव्हतं. कानाला लागलेली सवय, असं त्याने निदान केलं. कारखान्याजवळ जन्म काढलेल्या माणसाला कारखाना बंद पडल्यावरही भोंगा ऐकू येतो. निदान बरोबर होतं. फक्त त्यावर औषध नव्हतं.

आणि मुद्दाम सांगायचं तर, त्या अकरा सेकंदांचा त्याला उपयोगही होता. ठोकळा आधी वीस-वीस मायक्रॉनने छिलतात, म्हणजे वरचं मेण निघून आतला तुकडा उघडा पडतो. मग तो थंड पाटीवर ठेवायचा, पुन्हा यंत्रात बसवायचा आणि जाडीची चकती वीसवरून चारवर फिरवून खरे काप काढायचे. मायक्रॉनचा उजवा हात चकती फिरवायचं काम त्या पुटपुटीच्या दरम्यान आपसूक उरकून घेई.

मग आपाला गाठ झाली.

आपा म्हणजे त्याची थोरली बहीण. अम्मी गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि आपा सोळाची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कॉलेजात पोचवण्यापर्यंत सगळं तिने केलं. ती शाळेत भूमिती शिकवायची आणि घरीही सिद्धतेशिवाय कुणाचं काही ऐकून घ्यायची नाही. गाठीत सुई घालून धाग्यासारखा एक बारीक तुकडा काढला गेला आणि तो मायक्रॉनच्याच प्रयोगशाळेत आला. आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत म्हणाली, "उद्या माझं काम तुझ्याकडे. जरा दुआ कर माझ्यासाठी."

"आपा, माझा त्या कार्यालयाशी पत्रव्यवहार बंद आहे."

"तुझा बंद आहे. त्यांचा पत्ता बदललेला नाही."

"विश्वास नसताना मागायचं म्हणजे सोंग."

"विश्वास कुणी मागितला तुझ्याकडे? मी मागणं मागतेय." तिने सुरी खाली ठेवली. "एखाद्याच्या पाठीमागे त्याच्यासाठी मागितलेलं लवकर ऐकलं जातं म्हणतात. उद्या दिवसभर माझ्या तुकड्याशी तूच बसणार. तुझ्याइतका माझ्या पाठीमागे दुसरा कोण असणार आहे?"

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो म्हणजे नाही. तू सात वर्षांचा असल्यापासून ते नाहीच आहे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरच्या माणसाचा नमुना स्वतः करू नये, हा नियम मीच केलाय. पण दुसरं आहे कोण? सांभाळून कर. एवढाच एक धागा मिळालाय."

त्याने नवं पातं लावलं. पात्याखालचं ताट कोरडं पुसलं. ठोकळा छिलला, गार केला आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी पाटीवरून उचलला. त्या क्षणी त्याने ठरवलं: आज थांबायचं नाही. एरवी थांबणं ही सवय होती आणि सवयीची लाज नसते. आज थांबलो तर आपण कशासाठी थांबलो हे स्वतःपाशी कबूल करावं लागेल. त्याने ठोकळा तडक यंत्रात अडकवला आणि चाक फिरवायला घेतलं.

पुटपुट उशिरा आली. या वेळी ती डावीकडून नव्हती. थेट मानेमागून होती. त्याने वळून पाहिलं नाही. चाकाच्या खडखडाटात ती बुडावी म्हणून त्याने वेग वाढवला. दहा फेरे. वीस. तीस. आवाज थांबला तेव्हा त्याने खाली पाहिलं.

ताटात मेणाची तलम पट्टी हवी होती. तिथे सुताराच्या रंध्याखालून निघाव्यात तशा जाड, गुंडाळलेल्या ढलप्या पडल्या होत्या. चकती वीसवर होती. एका फेऱ्याला एक काप: तीस गुणिले वीस, सहाशे मायक्रॉन. धागा मुळात हजार मायक्रॉनचा, त्यातले तीनशे छिलण्यात गेलेले. त्याने ठोकळा उजेडात धरला. जिथे आपाचा तुकडा होता तिथे मेणात एक फिकट ओरखडा उरला होता.

जे उरलं होतं त्याचे काप बाईंकडे पाठवले तर त्या पाहतील आणि 'काही आढळलं नाही' असं लिहितील. आपा शाळेत पेढे वाटेल. आणि आत जे असेल ते आपल्या गतीने वाढत राहील.

त्याने ओलवलेल्या कुंचल्याने पहिली ढलपी उचलली आणि कोमट पाण्यावर सोडली. ती उलगडली नाही. दुसरी फाटली. तिसरी उचलण्याआधी त्याने मनगट टेबलावर टेकवलं. तेव्हा तो बोलला. मोठ्याने, रिकाम्या खोलीत, लहानपणी पाठ केलेला एकही अरबी शब्द न आठवता. हातात कुंचला आणि चिमटा असल्यामुळे हातही न उचलता.

"या अल्लाह, जे होतं ते यात असू दे. एकही तुकडा हरवू देऊ नकोस. जे आहे ते दिसू दे."

तिसरी ढलपी पाण्यावर हळूहळू सैल झाली आणि सपाट पसरली. मग चौथी. मग बाकीच्या. पहिलीही पुन्हा प्रयत्न केल्यावर उलगडली, आणि फाटलेल्या दुसरीचे तुकडे त्याने जुळवून घेतले. त्याने तीसच्या तीस काचांवर घेतल्या, क्रमांक टाकले, रंगवल्या आणि बाईंसमोर ठेवून काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या रागावल्या, पण थोडक्यात. मग सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि वाकूनच राहिल्या.

"चोवीस नंबर," शेवटी त्या म्हणाल्या. "आहे. जाड आहे, धूसर आहे, पण शंका नाही. मोजून दहा-पंधरा पेशी. फक्त एवढ्यातच, मागेपुढे काही नाही. ही ढलपी वाया गेली असती तर मी तिला निरोगी ठरवून घरी पाठवलं असतं. नशीब समज."

नशीब या शब्दावर एरवी त्याचं एक व्याख्यान तयार असे. त्या दिवशी त्याने ते दिलं नाही. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. ढलप्या उलगडल्या त्या पाण्याच्या तापमानामुळे, आणि गाठीत जे होतं ते आठवड्यापूर्वीही होतंच. तरी एक वाक्य त्याची पाठ सोडीना. जिन्यावर, रस्त्यावर, चावी कुलपात फिरवताना. पंचवीस वर्षांत एकदा तोंड उघडलं, आणि बहिणीचा रोग सापडू दे एवढंच मागितलं. ते शब्दाला शब्द मिळालं.

पुटपुट त्या दिवसापासून थांबली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पुढचा ठोकळा उचलताना त्या खोलीत अशी शांतता होती, जणू समोरच्याने बोलणं थांबवून कान दिला असावा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी आपा बॅग भरत होती. "लवकर सापडलं म्हणतात सगळे," ती म्हणाली. "खरं सांग. केली होतीस ना दुआ?"

"केली."

तिचे हात थांबले. "काय मागितलंस?"

त्याने सांगितलं. चकती, तीस फेरे, ढलप्या, तीन वाक्यं. आधी ती हसली. "दुआ आहे की कामाचा अर्ज?" मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू विरलं. "बरी होऊ दे, असं नाही मागितलंस?"

"नाही. सुचलंच नाही."

"मग आता माग. उशीर थोडाच झालाय?"

"आपा, मला भीती वाटते."

"ऐकलं नाही तर, याची?"

"ऐकलं तर, याची."

हातातला टॉवेल तिने कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केला. मग पलंगाच्या कडेवर बसली आणि त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं.

"हात वर कर. असे नाही, छातीसमोर. आधी त्याची स्तुती कर, मग पैगंबरांवर सलाम, मग आपलं मागणं. आणि 'तुझी मर्जी असेल तर' वगैरे शेपूट लावायचं नाही. ठामपणे मागायचं. अटी घालत मागितलेलं त्याला आवडत नाही."

त्याने तळवे उघडले. मनात पहिलं वाक्य जुळवलं: आपाला बरं कर. बरं म्हणजे किती? त्याने ते बाजूला ठेवलं. गाठ पूर्ण निघू दे. पण गाठीसोबत आणखी काय निघेल? ते वाक्यही गेलं. तिला दुखू नये. मेलेल्या माणसालाही दुखत नाही. एकामागून एक वाक्य तो उजेडात धरून पाहत होता, आणि प्रत्येकात कुठेतरी एक छिद्र होतं, ज्यातून काहीही आत येऊ शकलं असतं. खोलीत कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी वाट पाहत होतं, आणि ती एकटी आपा नव्हती, असं वाटायला त्याच्यापाशी कोणताही पुरावा नव्हता.

"हात खाली येतायत," आपा म्हणाली.

त्याने ते पुन्हा वर घेतले.