नोंद कोणाच्या नावची?

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. पण माझ्याखालून नदी वाहत नाही आणि माझ्यावरून बैलगाडीही जात नाही. भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या संगणकात, म्हणजे सर्व्हरमध्ये, मी राहतो. तो मुंबईत आहे म्हणतात. मी काही बाहेर जाऊन पाहिलेलं नाही.

मला घडवलं सुरुचीताईंनी. जालन्यात स्टेशनजवळ त्यांचं छोटंसं ऑफिस आहे. तिथे बसून त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि मी उभा राहिलो. सर्व्हरचं एक दार बाहेरच्या जगाकडे उघडतं आणि दुसरं पिंपळगाव रेणुकाईच्या नंदाबाईंच्या शेडकडे. ही दोन दारं जोडणं एवढंच माझं काम.

त्या शेडमध्ये रेशमाचे किडे असतात. दिवसभर तुतीचा पाला खातात, आणि भारी नाजूक. शेड तापलं की खाणं सोडतात आणि पटापट मरतात. म्हणून तिथलं यंत्र दर मिनिटाला उष्णतेचा आकडा सर्व्हरला कळवतं. सर्व्हर तो पाहून पत्र्यावरचे पाण्याचे फवारे सुरू करतो. ही सगळी ये-जा माझ्या अंगावरून. दोन वर्षं मी एकही आकडा सांडू दिला नाही. बघायला आलेली मंडळी कौतुक मात्र फवाऱ्यांचं करत. मला थोडं वाईट वाटायचं, पण चालायचंच.

मग एप्रिलात एके दिवशी सर्व्हरवर त्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली आणि तो बंद करून पुन्हा सुरू केला. आमच्या जगात प्रत्येक दाराला आकडे-अक्षरांचं एक नाव असतं. तोवर मी बाहेरच्या दाराचंच नाव लावत होतो. नव्या आवृत्तीने मला माझं स्वतःचं नाव दिलं. खोटं कशाला सांगू, मी फुशारलो. मोठ्या ऐटीत त्या नावाने निरोप धाडू लागलो. एकाचंही उत्तर आलं नाही.

तिकडे भर दुपार. किडे चौथी कात टाकून उठलेले, आठवड्याभरात कोष विणायला लागणार. नंदाबाईंचे मालक कचरूभाऊ जाफराबादला लग्नाला गेलेले. फवारे बंद पडलेले पाहून नंदाबाई एकट्याच विहिरीवरच्या मोटारीकडे धावत, परत येऊन शेडला ओली पोती टांगत, पुन्हा धावत. महिनाभराची मेहनत डोळ्यांदेखत जाते की काय, या भीतीने त्यांनी सुरुचीताईंना फोन लावला.

सुरुचीताईंची आत शिरायची नेहमीची वाट माझ्यावरूनच जायची, आणि तीच बंद. दुसरी कुणी असती तर घाबरून मला पुसून टाकलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने अडीअडचणीसाठी एक मागचं दार ठेवलेलं असतं, त्यातून त्या शांतपणे आत आल्या. माझा पत्ता तपासला, बरोबर. रस्ता तपासला, तोही बरोबर. आतला पहारा, म्हणजे फायरवॉल, घटकाभर उठवून पाहिला, फरक नाही. निरोप निघताना दिसत होते, उत्तर येताना दिसत नव्हतं. फोन कानाशीच होता. त्यावरचं बोलणं मला कसं कळलं, ते विचारू नका. पुलाला बरंच काही कळतं.

“मावशी, इथून सगळं बराबर निघून राह्यलंय,” त्या म्हणाल्या, “पण पुढच्या गेटवर अडतंय काहीतरी.”

“नोंद कोणाच्या नावची हाय ताई?” नंदाबाईंना धाप लागली होती. “मागल्या खेपंला आमचे मालक कोष घेऊन बाजारात गेल्ते. माल आमचा, गाडी आमची, पर गेटवर सोडलंच न्हाई. नोंद माझ्या नावची ना. माझं नाव सांगितलं, मंग जल्दी आत घेतलं.”

हे ऐकून सुरुचीताईंनी दाराचं नाव आणि माझं नाव शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. कंपनीच्या गेटवर नोंद एकाच नावाची होती, दाराच्या. माझ्या नव्या नावाने गेलेलं सगळं तिथेच फेकलं जात होतं. माझी सगळी ऐट तिथल्या तिथे उतरली.

“मावशी, तुम्हीच सापडवलं,” असं म्हणून त्यांनी एक ओळ लिहिली आणि दाराचं जुनं नाव मला परत लावलं. पहिला आकडा आला, छत्तीस. पत्र्यावर पाणी पडू लागलं. दोन रॅकवरचे किडे गेले होते, बाकीचे सगळे वाचले. दुरुस्ती कशी करावी हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि माणसाचं ऐकून कसं घ्यावं हेही.

जाण्यापूर्वी त्यांनी त्या ओळीच्या वर मराठीत लिहून ठेवलं: ‘हे नाव बदलू नका. यावर पिंपळगावच्या नंदाबाईंचे किडे जगतात.’ खाली नंदाबाईंचा फोन नंबर दिला.

पुढे सुरुचीताई दुसऱ्या कामावर गेल्या आणि शौनक नावाचे नवे इंजिनिअर आले. हुशार माणूस. फापटपसारा दिसला की साफ करायचा, ही त्यांची सवय. ती ओळ त्यांना जास्तीची वाटली आणि पुसायला त्यांनी हात उचलला. तेवढ्यात वरचा मजकूर वाचला. त्यांनी नंबर फिरवला.

“किडे आहेत का अजून?”

“हायेत की,” नंदाबाई म्हणाल्या. “पाला टाकून राह्यले आत्ता. का हो?”

“काही नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी ओळ तशीच ठेवली.

मित्रांनो, काही दुरुस्त केलंत तर काय केलं तेवढंच लिहू नका. कुणासाठी केलं, तेही लिहून ठेवा. शौनकरावांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना फक्त नंदाबाई ठाऊक नव्हत्या.